अकरा सेकंदांचा हिरवा दिवा

प्रज्ञाचा फोन आला तेव्हा मी लातूरच्या घराच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीत डोकावून बघत होतो. "काका, आई गेली," एवढंच ती बोलली आणि थांबली. अशा वेळी माणूस कधी, कशानं असं काहीतरी विचारतो. माझ्या तोंडून निघालं, "चौकात?" ती म्हणाली, "नाही काका. घरीच. सकाळी चहा टाकायला उठली, ओट्याला धरून खाली बसली, ती बसलीच." मी बरं म्हणालो, निघतो म्हणालो, फोन ठेवला... आणि मला ते खरं वाटेना. मला धक्का बसू नये म्हणून पोरगी असं सांगत असेल, हे मनातून जाईना. शेवटी मी नांदेडला जकात नाक्याच्या चौकातल्या शेखभाईंना फोन लावला. त्यांचं तिथं औषधांचं दुकान आहे. "हाव साहेब, खरं हाय," ते म्हणाले, "घरीच गेल्या. डॉक्टरला बोलवायला मीच पळालो." तेव्हा कुठं मी टाकीजवळ खाली टेकलो. आईच्या मरणाची लेकीनं दिलेली बातमी दुसऱ्याकडून तपासून घेणं बरं नव्हे, हे मला कळतं. पण माझ्या जागी तिची आई, वाघमारे सिस्टर, असत्या तर त्यांनीही हेच केलं असतं, आणि वर मृत्यूच्या दाखल्याची प्रत मागितली असती.

सुशीला वाघमारे हे त्यांचं नाव. सरकारी दवाखान्यात परिचारिका म्हणून सगळी नोकरी केली, त्यामुळे निवृत्तीनंतरही गल्लीतल्या लहानथोरांना त्या सिस्टरच. मुदखेडजवळच्या खेड्यातला जन्म, वडील रेल्वेत रुळांच्या कामावर. नवरा लवकर गेला. एकुलती लेक प्रज्ञा किनवटकडच्या आश्रमशाळेत शिक्षिका. जकात नाक्यापासून दोन गल्ल्या आत त्यांचं छोटं घर होतं. मी तेव्हा नांदेडला रस्त्यांच्या कामावर अभियंता होतो आणि तो चौक माझ्याकडे होता. जकात केव्हाच बंद झाली, नाका पाडला, नाव तेवढं राहिलं. एका अंगाला मुलींचं वसतिगृह आणि कॉलेज, दुसऱ्या अंगाला दवाखाने, मधून बसगाड्या, टेम्पो, रिक्षा, उसाच्या दिवसांत ट्रॅक्टर. पायी चालणाऱ्याला या बाजूनं त्या बाजूला जायचं तर नजर चारीकडे ठेवून, जीव मुठीत धरून जावं लागे. सिग्नल बसला, पट्टे मारले, चालणाऱ्या माणसाचं चित्र असलेला हिरवा दिवा लागला, आणि आमच्या कागदोपत्री तो चौक सुरक्षित झाला.

एका दुपारी ठेंगण्या बांध्याच्या, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा घातलेल्या एक बाई माझ्या टेबलासमोर येऊन उभ्या राहिल्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. "तुमच्या चौकातला चालणाऱ्यांचा दिवा सकाळी नऊ ते साडेअकरा अकराच सेकंद हिरवा राहतो," त्या म्हणाल्या. "त्यानंतर वीस. असं काहून?" मी समजावणीच्या सुरात सांगितलं की मशीन एकच आहे, वेळ एकच भरलेली आहे, सकाळ-दुपार असा फरक होऊच शकत नाही. "मग तेच लिहून द्या. सहीनिशी." मी हसलो, चहा सांगतो म्हणालो. "आधी अर्जाची पोच द्या. चहाचं मग बघू." पोच घेतली तर शिक्क्यातली तारीख नीट उमटली नाही म्हणून परत मारायला लावली, आणि खिडकीशी जाऊन उजेडात वाचून मगच पर्समध्ये ठेवली.

त्या जिन्यावरून उतरल्या नसतील तोच शेजारच्या टेबलावरचे सहकारी म्हणाले, "सांभाळून हं मुळे. ही बाई वॉर्डातून उभी राहणार आहे म्हणतात." दुसरं कोणी म्हणालं की चौकातल्या औषधाच्या दुकानाशी तिचा संबंध आहे, पट्टे दुकानासमोर सरकवून घ्यायचे असतील. मी दोन्ही गोष्टींवर विश्वास ठेवला. एकमेकींशी त्यांचा मेळ बसत नव्हता, तरीही ठेवला. इतक्या वर्षांच्या नोकरीत एक समज पक्का झाला होता की आमच्या कार्यालयाचा जिना कोणी उगाच चढत नाही. दुसऱ्या खेपेला त्या आल्या तेव्हा मी विचारूनच टाकलं, "सिस्टर, तुम्ही नेमक्या कुणाच्या वतीनं येता?"

"रस्ता ओलांडणाऱ्यांच्या."

"तसं नाही म्हणत मी..."

"तुम्ही काय म्हणून राहिले ते मला कळलं. म्हणा."

मग मीच एक दिवस खोकल्याच्या गोळ्या घेण्याच्या निमित्तानं शेखभाईंच्या दुकानात गेलो. इकडचं तिकडचं बोलून सिस्टरांचा विषय काढला. शेखभाईंनी कपाळाला हात लावला. "त्यांचं नाव काढू नका साहेब. दुकानासमोर स्कूटर लावली की हवालदाराला बोलावून आणतात. पट्ट्यावर गाडी नको म्हणे. माझं गिऱ्हाईक तोडून राहिल्या आणि मलाच रोज अदबीनं सलाम करतात." हे ऐकून माझा संशय जायला हवा होता. गेला नाही. मला वाटलं, दोघांनी मिळून ठरवलेलं दिसतं.

त्यांनी हे का चालवलंय ते मला बऱ्याच उशिरा कळलं. रुक्मिणबाई नावाची एक बाई रोज सकाळी मुदखेडहून रेल्वेनं येऊन मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करायची. नेहमीप्रमाणे साडेनऊच्या सुमाराला हिरवा दिवा बघून ती निघाली, आणि दुभाजकाच्या थोडी पुढं पोचते न पोचते तोच दिवा गेला. डावीकडून सुटलेल्या टेम्पोनं तिला उडवलं. सिस्टर भाजी घेऊन परतत होत्या. त्यांनी पिशवी टाकली, पदर फाडून तिची मांडी आवळली, रिक्षात घालून स्वतः दवाखान्यात नेली. रस्ताभर ती एकच सांगत होती, "हिरवा व्हता वो सिस्टर. मी निघाले तवा हिरवाच व्हता." आणि चार दिवसांनी पोलिसांच्या कागदावर आलं की सदर महिला सिग्नल न पाळता रस्ता ओलांडत होती. पाय गुडघ्यापासून वाकायचा बंद झाला तो झालाच, वर चूकही तिचीच ठरली. वसतिगृहाचं काम सुटलं. सिस्टरांना तो कागद पटला नाही. दुसऱ्या दिवसापासून त्या सकाळी चौकात उभ्या राहू लागल्या, मनगटावरच्या घड्याळाच्या सेकंद काट्याकडे बघत. ज्या घड्याळावर हजारो नाड्या मोजल्या, त्यावर दिवा मोजायला काय लागतं?

तिसऱ्या खेपेला त्या म्हणाल्या, "साहेब, एकदा चौकात या. घड्याळ तुमचं आणा. माझ्यावर भरवसा ठेवू नका." मी गेलो. कडक ऊन होतं. माझ्या घड्याळात बघितलं, अकरा सेकंद. पुन्हा बघितलं, अकरा. आमच्यासमोर एक आजोबा काठी टेकत निघाले आणि अर्ध्या रस्त्यातून हात जोडत गाड्यांसमोरून पळाले. मी परत आलो. मनात आलं, बाईंनी हवालदाराला सांगून आजच्यापुरता घाट घातला असेल. म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांना न कळवता एकटाच गेलो, समोरच्या कोपऱ्यावर रसवंतीच्या मागं उभा राहिलो. अकरा. पुन्हा अकरा. मान वर केली तर पलीकडच्या कोपऱ्यावर सिस्टर उभ्या. त्या दिवा बघत नव्हत्या, मला बघत होत्या. मी आज परत येईन, चोरून येईन, हे त्यांनी ओळखलं होतं. त्यांनी लांबूनच हात वर करून नमस्कार केला. मी रसाचा ग्लास हातात तसाच धरून उभा.

आता एवढं नक्की होतं की कोणीतरी पेटीतली वेळ बदलली होती. सिग्नलच्या पेटीची किल्ली बालाजी नावाच्या इलेक्ट्रिशियनकडे असायची. मी मनाशी ठरवून टाकलं की टेम्पोवाल्यांनी त्याला हाताशी धरलं असणार. सकाळी पायी माणसांसाठी गाड्या थांबतात, खोळंबा होतो, त्यांनाच ते नको होतं. मी त्याला बोलावून चार माणसांत फैलावर घेतलं. तो खाली मान घालून सगळं ऐकत राहिला. माझं बोलून झाल्यावर म्हणाला, "साहेब, लेखी असल्याबिगर मी पेटीला बोट लावत न्हाई."

"मग कुठंय ते लेखी?"

त्यानं मान वर केली. माझ्याकडं जरा विचित्र नजरेनं बघितलं. "फायलीत असंल की. तुमीच बघा."

त्याचं ते 'तुमीच' माझ्या कानातून जाईना. संध्याकाळी सगळे गेल्यावर मी फाइल काढली. एका पानाची टिपणी होती. सकाळच्या वर्दळीत वाहनांच्या रांगा कमी करण्याच्या दृष्टीनं जकात नाका चौकातील पादचारी वेळ नऊ ते साडेअकरा या काळात कमी करण्यात यावी, वगैरे. खाली सही माझी. तारीख रुक्मिणबाईच्या अपघाताच्या तीन आठवडे आधीची. ती सही केल्याचं मला आठवत नव्हतं. अजूनही आठवत नाही. मागच्या पुढच्या कागदांबरोबर ती टिपणी आली असणार आणि मी एकामागून एक सह्या करत गेलो असणार. तरी त्या संध्याकाळी मी ती सही दिव्याखाली धरून धरून बघितली. कोणी माझी सही मारली असेल, कोणी मधेच पान घुसवलं असेल... जगातल्या प्रत्येक माणसावर संशय घेऊन झाला. सही माझीच होती. 'मुळे'मधल्या ळ ला मी जी शेपटी काढतो ती कोणाला साधत नाही.

फाइल दोन दिवस माझ्या खणात राहिली. खरं लिहायचं तर ते पान काढून टाकायचा विचारही मनात आला. एक पान कमी झालं तर कोणाला कळणार होतं? बालाजी बोलला नसता. वेळ गुपचूप वीसवर करून घेतली असती तर सिस्टरही समाधान मानून घरी गेल्या असत्या, असं मी स्वतःला सांगत होतो. हे सगळं मी बायकोलाही सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी कार्यालय सुटल्यावर मी फाइल पिशवीत घातली आणि सिस्टरांच्या घरी गेलो.

त्या अंगणात धुणं काढत होत्या. मला बघून त्यांना नवल वाटलं असेल तरी चेहऱ्यावर दिसलं नाही. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. "सिस्टर, वेळ मीच कमी केली. सही माझी आहे. न वाचता केली."

त्यांनी हातातल्या चादरीची नीट घडी घातली. "मला ठाऊक हाय," त्या म्हणाल्या.

"काय ठाऊक आहे?"

त्या आत गेल्या आणि एक प्लास्टिकची पिशवी घेऊन आल्या. आत त्याच टिपणीची शिक्का मारलेली नक्कल. आमच्याच खात्यातून, माहितीच्या अधिकारात, माझ्या टेबलाला वळसा घालून त्यांनी ती कधीच मिळवली होती. मी पहिला चहा विचारला त्याच्याही आधी.

मला राग आला. खरंच आला. मी क्षमा मागायला आलो होतो आणि ही बाई इतके महिने सगळं जाणून माझ्यासमोर भोळेपणाचं सोंग घेऊन उभी राहत होती. "मग पहिल्याच दिवशी का नाही टाकलात हा कागद माझ्या टेबलावर? मला चौकात का नेलंत? खेळवत होता मला?"

"बघून राहिले होते," त्या शांतपणे म्हणाल्या. "तुम्ही लपवता का सांगता ते. हा कागद दाखवला असता तर तुम्ही खाली कोणा कारकुनावर ढकललं असतं. न्हाई म्हणता?"

मी तेच केलं असतं.

"वॉर्डात चुकीचं इंजेक्शन गेलं की देणारी बाई सगळ्यात आधी शिशी लपवते. मी सगळ्या नोकरीत हे बघितलं. लगेच सांगितलं तर उपाय तरी करता येतो, साहेब. लपवण्यात जो वेळ जातो ना, त्यात माणूस जातं." मग थोडं थांबून, माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "मीबी एकदा लपवलं होतं. लई लहान होते. नवी होते नोकरीत." मी पुढं ऐकायला थांबलो. त्या उठल्या आणि चहा टाकायला आत गेल्या. तो विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही. मी एकदा आडून विचारून बघितलं तर, "तुमची चौकशी आटपली का?" म्हणून हसल्या. त्या पेशंटचं काय झालं, तो वाचला की नाही, मला माहीत नाही. प्रज्ञालाही नाही. रोज सकाळी त्या चौकात उभ्या राहायच्या त्या रुक्मिणबाईसाठी, की आणखी कोणासाठी... हा संशय माझ्या मनात राहिला आहे आणि आता तो फेडणारं कोणी नाही.

त्याच आठवड्यात त्या मला रेल्वेनं मुदखेडला घेऊन गेल्या. मी नको म्हणत होतो. वेळ वाढवतो, लेखी खुलासा देतो, सगळं करतो, तिथं जाऊन काय करू? "तोंड दाखवा," त्या म्हणाल्या. रुक्मिणबाईचं घर रुळांपासून जवळ होतं. ती दारात खुर्चीवर बसून शेंगा फोडत होती, एक पाय सरळ पुढं. पन्नाशीची असेल. सिस्टरांनी कसलीही प्रस्तावना केली नाही. "हे साहेब. दिवा यांनी कमी केला होता. तू हिरव्यावरच निघाली होतीस."

रुक्मिणबाईनं माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. मी जे ठरवून गेलो होतो त्यातलं एक वाक्य धड आलं नाही. चूक झाली, माफ करा, असं काहीतरी पुटपुटलो. तिनं आणखी एक शेंग फोडली. मग म्हणाली, "माफ करून काय करू? पाय वाकंल का?" मी मान खाली घातली. "माज्या जावयानं, माज्या भावानं, समद्यांनी मलाच येड्यात काढलं. घाई केली असशील म्हनले. मला बी वाटाय लागलं व्हतं का माजीच चूक हाय." तिचा आवाज चढला, आणि मग एकदम खाली आला. "हे लिवून देता का?"

मी तिथंच लिहून दिलं. ओसरीवर बसून, दोन प्रतींत. सिस्टरांनी वाचून बघितलं, एक शब्द मोघम वाटला तो खोडायला लावला. कागद हातात घेऊन रुक्मिणबाई आतल्या कोणाला तरी म्हणाली, "चहा टाक गं." पण माझ्याशी ती पुन्हा बोलली नाही. परतताना गाडीत सिस्टर म्हणाल्या की तिनं त्या चौकात पुन्हा पाऊल ठेवलेलं नाही. नांदेडला दवाखान्यात यायचं झालं तर रिक्षावाल्याला लांबच्या रस्त्यानं फिरवून न्यायला लावते.

पुढचं थोडक्यात सांगतो. मी स्वतःच्या हातानं टिपणी लिहिली की आधीचा आदेश चुकीचा होता, तो मी न वाचता दिला आणि त्या काळात एका महिलेला अपघात झाला. वरिष्ठांनी बोलावून घेतलं. "मुळे, हे लिहायची काय गरज होती? वेळ वाढवली असती, झालं असतं." मला खुलासा मागितला गेला, सेवापुस्तकात शेरा पडला, आणि पोलिसांकडचा तो कागद दुरुस्त व्हायला पुढं कित्येक महिने लागले. पण झाला. बालाजीला मी ज्या चार माणसांत बोललो होतो त्याच चार माणसांत बोलावून चुकलो म्हणालो. तो म्हणाला, "जाऊ द्या साहेब," पण त्यानंतर माझ्या प्रत्येक आदेशाची प्रत स्वतःकडे ठेवू लागला. दिव्याची वेळ दिवसभर चोवीस सेकंद झाली. रस्त्याच्या मधोमध, दुभाजक कापून, थांबण्यासाठी कठडा लावलेला उंच ओटा बांधला, म्हणजे एका दमात रस्ता जमला नाही तर म्हाताऱ्या माणसाला मधे उभं राहता यावं. वळणावर गाडी हळू करणारे उंचवटे आले. हे सगळं होत असताना सिस्टर रोज कामावर. सिमेंटचं मिश्रण चिमटीत धरून बघायच्या. मुकादम माझ्याकडे तक्रार घेऊन आला, "साहेब, ही बाई कोण अधिकारी हाय का?" मी सांगितलं, हो.

मी निवृत्त होऊन लातूरला आलो तरी आमचं बोलणं राहिलं. आम्ही एकमेकांवर पूर्ण विश्वास टाकला असं मी म्हणणार नाही. त्या फोन करायच्या आणि बोलता बोलता, "तुम्ही खरंच गोळ्या घेऊन राहिले ना? पाकिटात किती उरल्या सांगा," असं पकडायच्या. मी त्यांना म्हणायचो, तुम्हाला दम लागतोय, डॉक्टरला दाखवा. दाखवलं म्हणायच्या. मला ते कधीच खरं वाटलं नाही, आणि तो संशय खरा निघाला याचं मला आज जास्त वाईट वाटतं. प्रज्ञा म्हणाली की वर्षभरात त्या डॉक्टरकडे एकदाही गेल्या नव्हत्या. जगाची नाडी बघणाऱ्या बाईनं स्वतःची कोणाच्या हाती दिली नाही. मी लातुरात बसून नुसता संशय घेत राहिलो. नांदेडला जाऊन हाताला धरून न्यायला हवं होतं.

शेवटची भेट लातूरलाच झाली. उदगीरला नात्यातलं लग्न आटपून परतताना त्या दोन तास आमच्याकडे थांबल्या. माझ्या बायकोनं ज्वारीची गरम भाकरी, ठेचा वाढला. त्यांनी चवीनं खाल्लं, बायकोशी गप्पा मारल्या, आणि जाताना फाटकात उभ्या राहून आमच्या समोरच्या रस्त्याकडे बघत म्हणाल्या, "इथं शाळेची पोरं कुठून ओलांडतात?" मी म्हणालो, अशीच कुठूनही. त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. बसमध्ये चढताना त्यांनी दांड्याला दोन्ही हात लावले आणि पायरीवर क्षणभर थांबल्या. मी ते बघितलं. काही बोललो नाही.

सिस्टरांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी बायकोला घेऊन नांदेडला गेलो. त्रिशरण-पंचशील झालं, दवाखान्यातल्या जुन्या सहकारी बोलल्या, शेखभाई बोलायला उठले आणि दोन वाक्यांत खाली बसले. लोक जेवायला बसत होते तेव्हा दाराशी काठी टेकलेली एक बाई दिसली. रुक्मिणबाई. पार थकली होती. मुदखेडहून एकटी आली होती. मी पुढं होऊन खुर्ची दिली. ती बसली नाही.

"सिस्टर दरसाली म्हनायच्या," ती म्हणाली, "ये एकदा, मी हाय संगं, चौकातून नेते. म्या न्हाई आले. इश्वासच बसंना." तिनं डोळे पुसले. "आता कोन नेईल? तुमी न्या मला."

"आत्ता?"

"आत्ता. परत माजी हिंमत व्हायची न्हाई."

आम्ही दोघं चालत चौकात आलो. दुपारची वर्दळ होती. मी हात पुढं केला, तिनं तो घेतला नाही. तिनं माझा हात घ्यावा असं मी काही केलंही नव्हतं. मी गाड्यांच्या बाजूनं, तिच्या अर्धं पाऊल मागं राहिलो. हिरवा दिवा लागला. ती निघेना. तो गेला. दुसऱ्यांदा लागला तेव्हा तिनं काठी पुढं टाकली. एक पाय सरळ ओढत ती मधल्या ओट्यापर्यंत पोचली आणि तिथं दिवा लाल झाला. दोन्ही अंगांनी गाड्या सुटल्या. एक बस इतक्या जवळून गेली की तिचा पदर उडाला. चाचपडत तिचा हात कठड्याच्या नळीवर गेला आणि तिथंच घट्ट बसला.

"किती बरूबर हाय हे," ती म्हणाली. "माज्याच हाताच्या मापाचं."

मी तिला सांगितलं. आमच्या नकाशात ती नळी बरीच उंच दाखवली होती, तसाच नमुना असतो. बसवायच्या दिवशी सिस्टर ओट्यावर येऊन उभ्या राहिल्या, हात खाली सोडून कोपरात जरासा वाकवला आणि वेल्डिंगवाल्याला म्हणाल्या, "पोरांचा आणि म्हाताऱ्यांचा कुठवर हात पोचतो ते बघ. इथं पायजे." त्यानं माझ्याकडे बघितलं, मी मान डोलावली, आणि नळी सिस्टरांच्या हाताखाली आली तिथंच डागली गेली. रोजच्या हातांनी तिच्यावरचा रंग आता गेलाय, आतलं लोखंड गुळगुळीत झालंय. रुक्मिणबाई त्यावरून अंगठा फिरवत राहिली.

पुन्हा हिरवा झाला. या वेळी मला काही म्हणावं लागलं नाही. तिनं नळी सोडली, काठी टेकवली आणि निघाली. मी मागून चालत होतो आणि मनात मोजत होतो. कोण जाणे, कोणी परत पेटी उघडली असेल. एका रिक्षानं चाक पट्ट्यावर आणलं, तिनं काठी उगारली, रिक्षा मागं सरली. ती शेखभाईंच्या दुकानासमोर पायरीवर चढली, दम घेतला, आणि मागं वळून दिव्याकडं बघितलं. बघत राहिली, डोळे बारीक करून, जणू आता फसवेल, मग फसवेल.

"अजून हिरवाच हाय," ती म्हणाली.